बर्फावरचा मुक्काम

पृथ्वी तापते आहे, पण सगळीकडे सारखी नाही. १९७९ पासूनच्या नोंदी पाहिल्या तर उत्तर ध्रुवाभोवतीचा आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. याचे एक मोठे कारण खुद्द बर्फच आहे. ताज्या हिमाने झाकलेला पृष्ठभाग आपल्यावर पडणारे बहुतेक ऊन परत आकाशात पाठवतो. उघडा समुद्र ते शोषून घेतो. बर्फ वितळला की पाणी उघडे पडते, पाणी तापते आणि शेजारचा बर्फही वितळू लागतो. दक्षिणेकडचे गणित निराळे आहे. तिथे अंटार्क्टिका खंडावर सरासरी सुमारे दोन किलोमीटर जाडीचा बर्फ बसलेला आहे. त्यातला थोडा जरी समुद्रात उतरला तरी हजारो किलोमीटरवरच्या किनाऱ्यांना त्याची झळ पोहोचते.

समुद्रावर बर्फ किती पसरला आहे हे आज उपग्रह रोज मोजतात. ऐंशीच्या दशकात सप्टेंबरमध्ये, म्हणजे उन्हाळ्याच्या अखेरीस, आर्क्टिक महासागरावर साधारण ७० लाख चौरस किलोमीटर बर्फ उरत असे. २०१२ मध्ये तो ३४ लाखांवर आला. हा आकडा आकाशातून मिळाला. पण त्या बर्फाखालचे पाणी किती गरम आहे, ध्रुवीय रात्रीत ढगांमध्ये काय घडते, हिमनदीचे बूड कुठून वितळते आणि आठ लाख वर्षांपूर्वीच्या हवेत कार्बन डायऑक्साइड किती होता, हे उपग्रहाला सांगता येत नाही. त्यासाठी माणसाला तिथे जावे लागते. नुसते जाऊन येऊनही भागत नाही. उपकरणे मांडून, हिवाळा अंगावर घेऊन राहावे लागते. ध्रुवीय मोहिमांच्या इतिहासात ध्रुवावर झेंडा रोवणाऱ्यांची नावे मोठ्या अक्षरांत छापली जातात. हवामानाच्या अभ्यासाला मात्र खरा हातभार लागला तो मुक्काम करणाऱ्यांचा.

हे पहिल्यांदा ठणकावून सांगितले ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या नौदलातील अधिकारी कार्ल वायप्रेख्ट याने. १८७२ ते १८७४ या काळात त्याचे जहाज आर्क्टिकच्या बर्फात अडकले होते आणि त्या सक्तीच्या मुक्कामातूनच फ्रान्झ योसेफ भूमी हा द्वीपसमूह सापडला. परतल्यावर १८७५ मध्ये ग्राझ येथील सभेत त्याने मांडलेला विचार त्याच्या स्वतःच्या कीर्तीला धक्का देणारा होता: नवे भूभाग शोधण्याची आणि अधिकाधिक उत्तरेला पोहोचण्याची शर्यत विज्ञानाच्या फारशी कामाची नाही, अनेक देशांनी ध्रुवाभोवती ठाणी उभारावीत आणि वर्षभर, एकाच वेळी, एकाच पद्धतीने नोंदी घ्याव्यात. हे प्रत्यक्षात येण्यापूर्वीच, १८८१ मध्ये, तो क्षयाने वारला. १८८२-८३ चे पहिले आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष त्याच्या कल्पनेनुसार पार पडले.

या मुक्कामाची किंमत काय असू शकते हे अमेरिकेच्या ग्रीली मोहिमेने दाखवले. एल्समिअर बेटावर गेलेल्या २५ जणांच्या या तुकडीला रसद पोहोचवण्याचे दोन्ही प्रयत्न फसले. १८८४ मध्ये मदत पोहोचली तेव्हा सात जण जिवंत होते आणि त्यांतलाही एक वाटेत गेला. उपासमारीच्या त्या प्रवासात या लोकांनी तापमान, वायुदाब आणि भरती-ओहोटीच्या नोंदी मात्र टाकून दिल्या नाहीत. आज त्या भागात किती उष्णता वाढली हे ठरवताना तुलनेसाठी हाताशी असलेल्या सर्वांत जुन्या आकड्यांमध्ये त्यांचा समावेश होतो.

नॉर्वेचा फ्रिट्यॉफ नान्सेन याने तर अडकणे हीच योजना केली. जेनेट नावाचे अमेरिकी जहाज १८८१ मध्ये सायबेरियाच्या उत्तरेस बर्फात चिरडून बुडाले आणि तीन वर्षांनी त्याचे अवशेष थेट ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर सापडले. समुद्रावरचा बर्फ ध्रुवाकडून वाहत येत असला पाहिजे, हे नान्सेनने त्यावरून ताडले. त्याने गोलाकार बुडाचे फ्राम हे जहाज बांधून घेतले. बर्फाचा दाब आला की चिरडले जाण्याऐवजी ते वर उचलले जावे अशी त्याची घडण होती. १८९३ च्या सप्टेंबरात फ्राम मुद्दाम बर्फात रुतवले गेले आणि १८९६ च्या ऑगस्टमध्ये स्वालबार्ड बेटांजवळ सुखरूप बाहेर पडले. मधल्या काळात नान्सेन एका सोबत्यासह ध्रुवाकडे निघाला, पण तिथवर पोहोचला नाही. त्या चालीपेक्षा जहाजावर मागे राहिलेल्यांच्या वह्या अधिक मोलाच्या ठरल्या. आर्क्टिकचा समुद्र उथळ असल्याची समजूत चुकीची निघाली, तळ तीन हजार मीटरहून खोल होता. थंड पृष्ठजलाखाली अटलांटिकमधून आलेल्या उबदार पाण्याचा थर सापडला. बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता तिच्या उजवीकडे सरकतो हेही दिसले आणि त्यातून पुढे सागरी प्रवाहांचे एक मूलभूत गणित तयार झाले. तो उबदार थर आज पुन्हा चर्चेत आहे, कारण काही भागांत तो आता वर येऊन बर्फाला खालून पोखरू लागला आहे.

विसाव्या शतकात वाहत्या बर्फावर ठाणे मांडण्याची ही रीत सोव्हिएत संघाने नेमाने चालवली. १९३७ च्या मे महिन्यात इव्हान पापानिन आणि त्याचे तीन सहकारी विमानाने ध्रुवाजवळच्या बर्फावर उतरले. २७४ दिवसांनी त्यांना ग्रीनलंडच्या समुद्रातून उचलले तेव्हा पायाखालचा तुकडा फुटून अगदी लहान झाला होता. १९५० पासून अशी ठाणी एकामागून एक मांडली गेली. अमेरिका आणि ब्रिटन यांच्या अणुपाणबुड्या त्याच बर्फाखालून फिरत होत्या. हेतू अर्थातच युद्धाचा होता. पण वर पाहणाऱ्या त्यांच्या ध्वनियंत्रांनी बर्फाचा पाण्याखालचा भाग किती खोल आहे ते नोंदवले. नव्वदच्या दशकात या गुप्त नोंदी शास्त्रज्ञांना मिळाल्या, त्यांची त्याच मार्गांवरच्या ताज्या मापांशी तुलना झाली आणि १९५८ ते १९७६ या काळातली सरासरी ३.१ मीटर खोली १.८ मीटरवर आल्याचे १९९९ मध्ये जाहीर झाले. शीतयुद्धाने विज्ञानावर केलेल्या मोजक्या उपकारांपैकी हा एक म्हणावा लागेल.

वाहत्या बर्फावर वर्तमान कळते, भूतकाळ कळायला जमिनीवरचा जाड बर्फ लागतो. खंडांच्या सरकण्याचा सिद्धांत मांडणारा आल्फ्रेड वेगेनर मुळात हवामानशास्त्रज्ञ होता. १९३० मध्ये त्याने ग्रीनलंडच्या मधोमध, पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटर आत, तीन हजार मीटर उंचीवर आइसमिटे हे ठाणे उभारले. रसद घेऊन तिथे पोहोचायला उशीर झाला आणि आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, १ नोव्हेंबरला, तो रासमुस विल्युमसेन या ग्रीनलंडवासी साथीदारासह परत फिरला. वाटेत वेगेनर मरण पावला. विल्युमसेनने त्याला नीट पुरून खुणेसाठी स्की उभ्या केल्या आणि तो पुढे गेला. त्याचा मात्र पुन्हा पत्ताच लागला नाही. ठाण्यावर मागे राहिलेल्या तिघांनी बर्फातच खोदलेल्या गुहेत हिवाळा काढला. त्यांच्यापैकी एर्न्स्ट झोर्गे याने १५ मीटर खोल खड्डा खणून हिमाचे वर्षावर्षाचे थर मोजले. पुढच्या सगळ्या खोदाईची बीजे या खड्ड्यात आहेत.

झोर्गेचा खड्डा फावड्याने झाला होता. त्यापुढे पोकळ पात्याचे छेदनयंत्र आले. ते फिरत खाली जाते आणि बर्फाचा लांबट दंडगोल वर आणते. या बर्फगाभ्यात दोन गोष्टी वाचता येतात. पहिली तापमान. पाण्यातला ऑक्सिजन हलका आणि जड अशा रूपांत असतो, जड ऑक्सिजनचे पाणी आधी पाऊस किंवा हिम होऊन पडते. हवा जितकी थंड, तितका ध्रुवावर पोहोचणाऱ्या हिमात जड ऑक्सिजन कमी. डेन्मार्कच्या विली डान्सगार्डने १९५२ मध्ये घरच्या अंगणात बिअरच्या बाटलीला नरसाळे लावून पावसाचे पाणी जमवले आणि या तर्काची पहिली चाचपणी केली. दुसरी गोष्ट हवा. हिम साठत जाऊन साधारण साठ ते शंभर मीटर खोलीवर त्याचा घट्ट बर्फ होतो आणि मोकळ्या जागांतली हवा बुडबुड्यांत कायमची कोंडली जाते. फ्रान्सच्या क्लोद लोरियसला याची कल्पना सुचली ती १९६५ मध्ये अंटार्क्टिकाच्या मुक्कामात: गाभ्याचा तुकडा व्हिस्कीच्या पेल्यात टाकला आणि जुनी हवा फसफसत बाहेर पडली. एक अडचण मात्र यात आहे. बुडबुडा बंद व्हायला काळ लागत असल्याने त्यातली हवा भोवतालच्या बर्फापेक्षा तरुण असते आणि हा फरक हिशेबात धरावा लागतो. जिथे हिम फार कमी पडते तिथे तो हजारो वर्षांचा असू शकतो.

पूर्ण जाडीचा पहिला गाभा निघाला तो अमेरिकी सैन्यामुळे. ग्रीनलंडच्या बर्फात बोगदे खणून वसवलेले कॅम्प सेंच्युरी हे ठाणे बाहेरून संशोधनाचे होते. आत क्षेपणास्त्रे लपवता येतील का याची चाचपणी चालली होती. बर्फ सरकत असल्याने बोगदे आक्रसत गेले आणि लष्करी बेत बारगळला. छेदनयंत्र मात्र १९६६ मध्ये सुमारे १,३९० मीटरांवर खडकापर्यंत पोहोचले. डान्सगार्डने त्या गाभ्यातून गेल्या हिमयुगासह सुमारे एक लाख वर्षांचे तापमान वाचले. तळाशी गाळ निघाला होता. त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही आणि तो शीतपेट्यांत पडून राहिला. अर्ध्या शतकानंतर तो तपासला तेव्हा त्यात वनस्पतींची पाने आणि डहाळ्या आढळल्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सुमारे चार लाख वर्षांपूर्वी ही जागा बर्फमुक्त होती. ग्रीनलंडचे बर्फावरण आपण समजतो तितके अढळ नाही, असा याचा अर्थ.

अंटार्क्टिकात बर्फ अधिक जुना आहे, कारण तिथे हिम फार कमी पडते आणि एका मीटरात अनेक वर्षे मावतात. व्होस्टोक या रशियन ठाण्यावर २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. जमिनीवरच्या हवामान केंद्रात मोजलेले ते आजवरचे सर्वांत कमी तापमान आहे. अशा जागी सोव्हिएत चमूने वर्षानुवर्षे खोदकाम केले आणि गाभ्याचे पृथक्करण फ्रेंच प्रयोगशाळांत झाले. शीतयुद्ध भरात असताना अमेरिकी विमाने तो बर्फ वाहून नेत होती, हे विशेष. १९९९ मध्ये व्होस्टोकच्या गाभ्यातून ४ लाख २० हजार वर्षांचा पट हाती आला. युरोपीय देशांच्या डोम सी येथील गाभ्याने २००८ पर्यंत तो ८ लाखांवर नेला. निष्कर्ष सोपा आणि अस्वस्थ करणारा आहे. हिमयुगे आली, गेली, पण दहा लाख भागांमागे कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण साधारण १८० ते ३०० या पट्ट्यातच राहिले. आज ते ४२० च्या पुढे आहे.

ग्रीनलंडच्या शिखरावर १९८९ ते १९९३ दरम्यान युरोपीय आणि अमेरिकी चमूंनी एकमेकांपासून सुमारे तीस किलोमीटरवर तीन-तीन हजार मीटरचे दोन गाभे काढले. एकच गाभा असता तर बर्फ खालून विस्कटला असेल अशी शंका उरली असती. दोन्हींत एकच गोष्ट दिसली: हिमयुगाच्या काळात ग्रीनलंडचे तापमान काही दशकांतच कित्येक अंशांनी उसळल्याच्या घटना वारंवार घडल्या होत्या. हवामान संथपणेच बदलते हा समज तिथे मोडला. जानेवारी २०२५ मध्ये अंटार्क्टिकात डोम सी जवळच्या लिटल डोम सी येथे युरोपीय चमूने २,८०० मीटर खोदून तळ गाठला. या बर्फाचे वय किमान १२ लाख वर्षे असल्याचे प्राथमिक तपासणीत दिसले. दहाएक लाख वर्षांपूर्वी हिमयुगांची लय सुमारे ४१ हजार वर्षांवरून एक लाख वर्षांवर का गेली, या जुन्या प्रश्नाचे उत्तर त्या बुडबुड्यांतून मिळेल अशी अपेक्षा आहे.

समुद्री बर्फावरची आजवरची सर्वांत मोठी मोहीम नान्सेनच्याच वाटेने गेली. जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेचे पोलारश्टेर्न हे बर्फफोडे जहाज २० सप्टेंबर २०१९ रोजी नॉर्वेतील ट्रॉम्सोहून निघाले. मोझाइक या नावाच्या या मोहिमेचे नेतृत्व मार्कुस रेक्स यांच्याकडे होते. सुमारे वीस देश तीत होते आणि खर्च १४ कोटी युरोंच्या घरात होता. केरळचा एक संशोधकही तीत सहभागी झाला. पहिली अडचण बर्फ निवडण्याचीच आली. त्या उन्हाळ्यात बर्फ इतका वितळला होता की वर्षभर टिकेल असा तुकडा मिळेना. अखेर सुमारे अडीच बाय साडेतीन किलोमीटरचा एक तुकडा ठरला. त्याचाही बराच भाग तीस सेंटिमीटरहून पातळ होता, एक कोपरा तेवढा भक्कम. तिथे जहाज बांधून भोवती हवा, बर्फ, समुद्र आणि सजीव यांच्या मोजणीच्या स्वतंत्र वसाहती उभ्या राहिल्या आणि जहाजातून त्यांना विजेच्या तारा गेल्या. काळोखात ध्रुवीय अस्वलांवर नजर ठेवायला बंदूकधारी पहारेकरी नेमलेले असत. नोव्हेंबरच्या वादळात बर्फाला भेगा पडल्या आणि तारा पुन्हा पुन्हा उकलून घ्याव्या लागल्या.

मग करोना आला. मार्च २०२० नंतर विमाने बंद झाली आणि जहाजावरच्या लोकांचा मुक्काम सुमारे दोन महिन्यांनी लांबला. शेवटी मेमध्ये पोलारश्टेर्नला तुकडा सोडून स्वालबार्डजवळ यावे लागले, दोन जर्मन संशोधन जहाजांनी नवे लोक आणि रसद आणली आणि जूनमध्ये ते परत त्याच बर्फावर गेले. नोंदींत काही आठवड्यांचा खंड पडला तो तिथे. जुलैअखेर तो तुकडा फ्राम सामुद्रधुनीत फुटला. ऑगस्टमध्ये जहाज चक्क उत्तर ध्रुवाकडे वळले. वाटेतला बर्फ इतका सच्छिद्र आणि तळ्यांनी भरलेला होता की १९ ऑगस्टला ते अपेक्षेपेक्षा खूपच सहज ध्रुवावर पोहोचले. १२ ऑक्टोबरला जहाज ब्रेमरहाफेनला परतले.

हिवाळ्याचे काम या मोहिमेत सर्वांत महत्त्वाचे होते. उन्हाळ्यात आर्क्टिकमध्ये जहाजे जातातच. हिवाळ्यात मध्य आर्क्टिकचे मोजमाप जवळजवळ नव्हतेच. १९९७-९८ मध्ये कॅनडाचे एक जहाज अलास्काच्या उत्तरेस वर्षभर बर्फात ठेवले होते. ध्रुवीय रात्रीच्या ढगांत गोठणबिंदूच्या खूप खालीही द्रवरूप थेंब टिकतात आणि असे ढग बर्फावर पांघरूण घालतात, हे त्या मोहिमेतून नीट कळले. मोझाइकने ती मोजणी ध्रुवाजवळ नेली. रेक्स यांच्या सांगण्यानुसार बर्फ चाळीस वर्षांपूर्वीच्या निम्माच जाड होता आणि हिवाळ्याचे तापमान बहुतेक काळ नान्सेनच्या नोंदींपेक्षा सुमारे दहा अंशांनी जास्त राहिले. एप्रिलच्या मध्यात दक्षिणेकडून उबदार, दमट हवेचा लोंढा आला आणि काही दिवसांत उणे तीसच्या आसपासचा पारा शून्याजवळ पोहोचला. या एका घटनेत हवा, ढग, धूळ आणि बर्फ यांच्यात काय काय घडले ते एकाच जागी मोजले गेले. हवामानाची संगणकी प्रारूपे आर्क्टिकबाबत सर्वाधिक चुकतात ती अशाच ठिकाणी, म्हणून त्या आठवड्याच्या आकड्यांचे मोल मोठे आहे.

दक्षिणेत सर्वांत जास्त लक्ष पश्चिम अंटार्क्टिकातल्या थ्वेट्स हिमनदीकडे आहे. तिचे पात्र जवळपास ब्रिटनएवढे पसरलेले असून जगाच्या समुद्रपातळीत दरवर्षी पडणाऱ्या भरीतला सुमारे ४ टक्के वाटा तिचा मानला जातो. ती पूर्ण कोसळली तर पातळी सुमारे ६५ सेंटिमीटर वर जाईल. तिच्या तोंडाशी पाण्यावर तरंगणारा बर्फाचा मंच तिला दारामागच्या अडसरासारखा रोखून धरतो आणि उबदार समुद्राचे पाणी हाच अडसर खालून झिजवते आहे. २०१८ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांनी मिळून तिच्या अभ्यासाचा संयुक्त कार्यक्रम सुरू केला. २०१९-२० च्या उन्हाळ्यात चमूने गरम पाण्याच्या झोताने सुमारे सहाशे मीटर बर्फ भेदला आणि आइसफिन हा लांबट यंत्रमानव खाली सोडला. हिमनदी जिथे जमीन सोडून तरंगू लागते त्या रेषेपर्यंत तो पोहोचला. जे दिसले ते अपेक्षेला पूर्णपणे धरून नव्हते. सपाट बुडाखाली वितळलेल्या गोड्या पाण्याचा पातळ थर साचतो आणि उबदार खारे पाणी बर्फापासून दूर राहते, त्यामुळे तिथे झीज अंदाजापेक्षा कमी होती. भेगा आणि पायऱ्यांसारख्या उभ्या कडांवर मात्र ती खूप वेगवान निघाली. तरीही हिमनदी मागे हटतेच आहे. म्हणजे त्यासाठी बुडाशी फार जोरदार वितळण लागत नाही, हाच त्याचा चिंताजनक अर्थ.

भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून फारसा गाजावाजा न करता निघाली. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालचे २१ जण ९ जानेवारी १९८२ रोजी बर्फावर उतरले. दोन वर्षांनी तिसऱ्या मोहिमेत दक्षिण गंगोत्री हे पहिले केंद्र बर्फावर उभे राहिले. नागपुरात जन्मलेल्या आणि पुण्यात शिकलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता या त्याच मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या भारतीय महिला. दक्षिण गंगोत्री काही वर्षांतच हिमाखाली गाडले गेले. तो धडा घेऊन मैत्री हे दुसरे केंद्र १९८९ मध्ये शिर्माखर टेकड्यांच्या उघड्या खडकावर बांधले गेले, आणि २०१२ मध्ये त्याच्या पूर्वेस सुमारे तीन हजार किलोमीटरवर भारती उभे राहिले. दोन्ही ठिकाणी हिवाळी तुकड्या राहतात. या सगळ्याची सूत्रे गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे आहेत. पूर्व अंटार्क्टिकातून आणलेले बर्फाचे गाभे तिथल्या उणे वीस अंशांच्या शीतगृहात ठेवले जातात.

उत्तरेकडे भारत उशिरा गेला. पहिली आर्क्टिक मोहीम २००७ मध्ये झाली, पुढच्या वर्षी स्वालबार्डमधील न्यू-ऑलेसुंड या संशोधकांच्या वस्तीत हिमाद्री हे केंद्र सुरू झाले आणि २०१४ मध्ये शेजारच्या काँग्सफ्योर्डमध्ये इंडआर्क ही पाण्याखालची उपकरणमाळ नांगरली गेली. अटलांटिकचे उबदार पाणी आणि हिमनद्यांचे गोडे पाणी तिथे एकमेकांत मिसळते, आणि हिवाळ्यात माणसे मोजणी करू शकत नाहीत तेव्हाही ही माळ तापमान आणि क्षारता टिपत राहते. हिमाद्रीत हिवाळी मुक्काम मात्र डिसेंबर २०२३ पासूनच सुरू झाला. आर्क्टिकचा भारतीय पावसाशी काय संबंध, हा इथल्या संशोधकांचा स्वाभाविक प्रश्न आहे. कारा समुद्रातला बर्फ उन्हाळ्यात फार घटला तर मान्सूनच्या अखेरीस मध्य भारतात अतिवृष्टीची शक्यता वाढते, असे वास्को येथील शास्त्रज्ञांच्या अभ्यासात दिसून आले आहे. दोन्हींमधली वातावरणीय साखळी लांब आहे आणि तिचा प्रत्येक दुवा अजून पक्का झालेला नाही.

नोंदींची सलगता हा या साऱ्या कामाचा कणा आणि तोच सर्वांत नाजूक आहे. सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा १९९१ मध्ये वाहत्या बर्फावरची ठाणी बंद पडली आणि २००३ पर्यंत पुन्हा सुरू झाली नाहीत; नेमका हाच काळ बर्फ वेगाने पातळ होण्याचा होता. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर पाश्चात्त्य संस्थांनी रशियाबरोबरचे बहुतेक संयुक्त काम थांबवले. आर्क्टिकचा जवळजवळ निम्मा किनारा रशियाचा आहे, आणि गोठलेल्या जमिनीचा, म्हणजे वितळताना मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड सोडू शकणाऱ्या भूभागाचा, फार मोठा हिस्सा सायबेरियात येतो. तिथल्या केंद्रांचे आकडे वगळून आर्क्टिकचे चित्र काढले तर ते एका बाजूला झुकते, हे त्यानंतरच्या विश्लेषणांत दिसले आहे. उपग्रहांनी ही उणीव काही अंशी भरून निघते. जमिनीत दोन मीटर खाली माती किती अंशांना आहे, हे मात्र तिथे पुरलेल्या तापमापकाशिवाय समजत नाही, आणि त्याच्या नोंदी सध्या सीमेपलीकडे जात नाहीत.